आठवत नाही म्हणणारा वायरमन

खुटबावात लाईट गेली की लोक आधी नागसेन रणपिसेला फोन करायचे, मग सबस्टेशनला. वीज कंपनीच्या साहेबांना हे आवडायचं नाही, पण लोकांचंही बरोबर होतं. सबस्टेशनला सगळा पत्ता सांगत बसावं लागायचं. नागसेनला नुसतं "मी बोलतोय" म्हटलं की तो विचारायचा, "घरातली गेली का मोटरीची?" आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याची मोटरसायकल डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, उभी असायची. यवतच्या आयटीआयवाल्या पोरांमध्ये लाइनवर लागलेला तो पहिला. चौदा वर्षांत त्याच्या हातून एकही अपघात झाला नव्हता. दुसऱ्या कुणाबद्दल असं म्हटलं तर लोक नशीब म्हणतील. नागसेनच्या बाबतीत ते नशीब नव्हतं. तो प्रत्येक गोष्ट दोनदा बघायचा.

म्हणूनच, तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर खांबावर असताना त्याला एका तारेच्या जागी दोन तारा दिसल्या, तेव्हा तो घाबरला. डावीकडं नजर गेली की दोन, सरळ बघितलं की एक. त्यानं एका डोळ्यावर तळहात धरला. तार एकच होती. तो हळूहळू खाली उतरला आणि खंडूला म्हणाला, "आज तू चढ. माझी कंबर धरलीय."

खंडू त्याच्या हाताखालचा कंत्राटी पोरगा, सत्तावीस वर्षांचा, चपळ. तो काही न विचारता चढला. नागसेन आठ दिवस कंबर सांगत राहिला. नवव्या दिवशी त्याची बायको सीमा त्याच्याकडं बघत असताना त्यानं कपातला चहा बशीच्या बाहेर ओतला. सीमा अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं घेता घेता तिला न बोलणाऱ्या माणसांचं कळायला लागलंय. तिनं बशी पुसली आणि विचारलं, "कधीपासनं?"

दौंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की हे डोळ्यांचं नाही, मेंदूचा फोटो काढा. पुण्यात फोटो निघाला. कवटीच्या तळाच्या हाडात, बरोबर दोन्ही डोळ्यांच्या मागं, लिंबाएवढी गाठ होती. कॅन्सरचाच एक प्रकार, हळू वाढणारा, पण जागा वाईट. नाकातून दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. बरीचशी गाठ निघाली. थोडी मात्र मेंदूच्या देठाला चिकटलेली होती, तिला हात लावणं धोक्याचं होतं. त्या उरलेल्या तुकड्यासाठी नवी मुंबईच्या एका हॉस्पिटलात प्रोटॉनची किरणं घ्यायचं ठरलं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून कागदावर चित्र काढलं. साधी किरणं आरपार जातात, पलीकडच्या चांगल्या भागालाही भाजतात. ही किरणं ठरल्या खोलीवर जाऊन थांबतात. म्हणून नाजूक जागेसाठी ही. मग त्यांनी त्रास सांगितले. आत्ताचे कोणते, आणि पुढं वर्ष-दोन वर्षांनी होऊ शकतील ते कोणते. नागसेन मान हलवत होता. त्याच्या कानात एवढंच घुमत होतं, की थांबतात, पलीकडं जात नाहीत. सीमा मात्र अंगणवाडीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेत होती.

घरी आईला, चांगुणाबाईंना, हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं.

"आयुष्यभर तुला सांगत आले, करंटपासनं लांब ऱ्हा म्हणून," त्या म्हणाल्या. "आन् आता डोक्यातच करंट सोडत्यात व्हय?"

"करंट न्हाई गं आई. किरणं हायेत. कळतसुद्धा न्हाई."

"कळत न्हाई त्याचंच भ्या वाटतं मला."

साडेसात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, तिथंच हॉस्पिटलाजवळ खोली घेऊन. प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा तोंडावर बसवायचे आणि तो टेबलाला चाप लावून पक्का करायचे, डोकं केसभरही हलू नये म्हणून. किरणं दोन-चार मिनिटांची, पण डोकं बरोबर जागेवर आणायला अर्धा-पाऊण तास जायचा. पहिल्या दिवशी मुखवट्याच्या आत त्याचा श्वास कोंडला. चौथ्या दिवसापासून तो आत पडल्या पडल्या आपल्या भागातले डीपी मनात मोजायला लागला. गुऱ्हाळाशेजारचा, शाळेमागचा, विहारापुढचा. बाविसाव्या डीपीपर्यंत पोचला की मशीन थांबायचं.

तिसऱ्या आठवड्यात कानांच्या वरची कातडी लाल झाली, मग काळी पडली. दोन्ही बाजूंनी हाताच्या पंजाएवढे केस उशीवर आले. भाकरी मातीसारखी लागायची, तोंड सतत कोरडं. आणि थकवा असा की खोलीतून बाथरूमपर्यंत गेलं की पलंगावर बसून राहायचं. सीमा वही उघडायची, "लिहिलंय, हे होणारच होतं," असं म्हणायची आणि त्यालाही बरं वाटायचं. लिहिलेलं होतं म्हणजे ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

गावी आल्यावर चार महिन्यांत चव परत आली. केस आले, पण कानांवरचे विरळच राहिले. दर सहा महिन्यांनी स्कॅन व्हायचा आणि गाठ होती तेवढीच, झोपलेली, असं सांगायचे. दोन तारा दिसायच्या बंद झाल्या. वीज कंपनीच्या डॉक्टरनं त्याला कामावर जायची परवानगी दिली, फक्त खांबावर चढायचं नाही, खालून काम बघायचं, या अटीवर. म्हणून परमिट घेण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणजे असं. काम सुरू करण्याआधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून लाइन बंद करून घ्यायची. आणि काम संपल्यावर, सगळी माणसं खाली आली की, परमिट परत करायचं. मग ऑपरेटर लाइन चालू करतो. मधल्या वेळात वर चढलेल्या माणसाचा जीव त्या फोन करणाऱ्याच्या शब्दावर असतो.

सव्वा वर्ष सगळं नीट चाललं. मग वास यायला लागला.

पहिल्यांदा तो घरात जेवत होता. वायर जळाल्याचा वास, अगदी ओळखीचा, रबर तापून वितळल्याचा. तो ताटावरून उठला, मीटरपाशी गेला, बोर्ड उघडला. काही नव्हतं. "तुला येतो का गं वास?" त्यानं सीमाला विचारलं. ती म्हणाली, "कसला?" तेवढ्यात वास गेलाही होता. पुढच्या दोन महिन्यांत असं सात-आठ वेळा झालं. आधी पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, मग वास, मग अर्धा-एक मिनिट सगळं लांब गेल्यासारखं. वायरमनला जळका वास येणं यात नवल काय, असं तो स्वतःला सांगायचा. पण रोज झोपायच्या आधी मीटर तीनदा बघायचा. चौथ्यांदा बघायची वेळ यायची, कारण तिसऱ्यांदा बघितल्याचं आठवायचं नाही.

त्या पहिल्या वेळेनंतर हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सीमा आईच्या गोळ्यांबद्दल सकाळी काही सांगायची आणि दुपारी तो पुन्हा विचारायचा. ती म्हणायची, "लक्ष कुठं असतं तुमचं?" तो हसायचा. आणि विषय बदलायचा.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, दुपारी दोनच्या सुमाराला, तो आणि खंडू उसातल्या लाइनवर गेले होते. एका खांबावरची चिनी मातीची चिमणी, म्हणजे तार धरणारा इन्सुलेटर, फुटली होती, ती बदलायची होती. नागसेननं परमिट घेतलं. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारेला अर्थिंगचा रॉड लावला. खंडू चढला, चिमणी बदलली, खाली उतरला. पाणी प्यायला. हत्यारं पिशवीत भरली गेली. नागसेननं रॉड काढून गुंडाळला आणि जयसिंगला, सबस्टेशनच्या ऑपरेटरला, फोन लावला.

"जयसिंगराव, काम झालं. परमिट परत घ्या."

जयसिंग जुना माणूस. वहीत बघितल्याशिवाय बोलायचा नाही. "दोन माणसं हायेत तुमची. दोघंबी खाली हायेत ना?"

नागसेननं "हो" म्हणायला तोंड उघडलं. आणि त्याच्या लक्षात आलं, की खंडू समोर नाहीये. मोटरसायकल उभी होती. पिशवी होती. पाण्याची बाटली होती. खंडू उतरलेला त्याला आठवत होता. त्याच्यानंतरचं काहीच नव्हतं. मधला एखादा तुकडा कुणी कापून नेल्यासारखा. खंडू लघवीला गेला असेल. गेला असेलच. पण नागसेन ते बघितल्याचं सांगू शकत नव्हता.

"नागसेनदादा? करू का चालू?"

"थांबा."

"काय झालं?"

"मला आठवत न्हाई," नागसेन म्हणाला. "जयसिंगराव, मला आठवत न्हाई. लाइन चालू करू नका. मी परत फोन करीपर्यंत हात लावू नका."

मग तो ओरडला. "खंडू!"

उसाच्या पलीकडून, वरच्या बाजूनं आवाज आला, "झालंच दादा! दोन मिन्टं!"

नागसेन बांधावरून पळत गेला. उसाच्या आड तिसऱ्या खांबावर खंडू बसला होता, दोन्ही हात तारेच्या जोडावर, जंपरवर. उतरल्यावर तो म्हणाला, "सांगून गेलो की तुम्हाला. म्हटलं, पलीकडचा जंपर सैल दिसतोय, बघून येतो. तुम्हीच म्हनला, जा."

नागसेन बांधावरच बसला. खंडूकडं बघत त्यानं जयसिंगला पुन्हा फोन लावला, दोघंही खाली आहेत म्हणून.

त्यानं खंडूला सगळं सांगितलं. रॉड काढल्याचं, परमिट परत करायला निघाल्याचं. खंडूचा चेहरा उतरला, पण तो चांगल्या मनाचा पोरगा. म्हणाला, "व्हतं असं कवा कवा दादा. उन्हाचं व्हतं."

"न्हाई," नागसेन म्हणाला. "ह्ये उन्हाचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यवतला साहेबांकडं अर्ज घेऊन गेला. स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, की माझी स्मरणशक्ती भरवशाची राहिलेली नाही, मला परमिटच्या कामावरून काढावं. साहेबांनी वाचलं, दार लावून घेतलं.

"असं लेखी देऊ नका. उद्या तुम्हालाच अडचण होईल. आठ दिवस सुट्टी काढा, बघू."

"साहेब, सुट्टीनं मला बरं वाटलं आणि नवव्या दिवशी परत झालं तर? खंडूच्या घरी काय सांगू?"

साहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. अर्ज त्यांनी ठेवून घेतला.

त्या संध्याकाळी सीमाला कळलं, की तो वास दोन महिने पुन्हा पुन्हा येतोय. ती उठली, ट्रंकेतून वही काढली, मागची पानं उलटली. तिच्याच अक्षरात होतं: दीड-दोन वर्षांनी विसर पडणे, नसलेला वास येणे, फिट येणे. असे झाल्यास लगेच कळवणे. 'लगेच'च्या खाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या.

"मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "मीच लिहिलं आणि मीच विसरले. गाठ झोपलीय म्हणाले, मी वही ट्रंकेत टाकली."

"तुझी काय चूक? मी सांगितलंच न्हाई."

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर फोटो काढला असता. फोटोत दिसलं असतं."

सीमानं दुसऱ्या दिवशीच हॉस्पिटलला कळवलं.

स्कॅन झाला आणि डॉक्टरची वेळ पाच दिवसांनी मिळाली. पण रिपोर्ट आधीच मोबाईलवर आला. त्यातलं इंग्रजी सीमानं अक्षर अक्षर लावून वाचलं. डाव्या कानाच्या वर, मेंदूत, नवा डाग आहे. गाठ पुन्हा आली की किरणांचा परिणाम, हे तपासावं. ते पाच दिवस जाता जाईनात. चांगुणाबाई सकाळी विहारात जाऊन बसायच्या आणि उन्हं वर आल्यावरच परत यायच्या.  नागसेन पुन्हा पुन्हा डाव्या कानावरच्या विरळ केसांतून बोटं फिरवायचा, जणू डाग बाहेरून हाताला लागेल. त्याला वाटायचं, गाठच असेल. मग वाटायचं, किरणांचं असेल तर तेही आपल्याच डोक्यात आहे. दोन्हींतलं काय मागावं हेच त्याला कळेना.

डॉक्टर बाईंनी दोन चित्रं पडद्यावर शेजारी लावली. एक नवा स्कॅन. दुसरा दोन वर्षांपूर्वीचा नकाशा, कोणत्या भागाला किती किरणं गेली त्याचा, रंगीत, लाल म्हणजे सगळ्यात जास्त.

"गाठ परत आली असती तर ती हाडाच्या बाजूनं वाढली असती," त्या म्हणाल्या. "हा डाग मेंदूच्या आत आहे. आणि बघा, लाल पट्टा जिथं मेंदूच्या कडेला शिवतो, डाग बरोबर तिथंच आहे. मला वाटतं ही किरणांची इजा आहे. आतला भाग सुजलाय."

"वाटतं म्हणजे?" सीमानं विचारलं.

"म्हणजे शंभर टक्के नाही. सूज उतरायचं औषध देऊ, फिटची गोळी देऊ, कारण तो वास म्हणजेही छोटी फिटच असते, दोन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. डाग कमी झाला तर खात्री होईल."

नागसेननं विचारलं, "मॅडम, म्हणजे ट्रीटमेंट चुकली का?"

त्यांनी लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. "नाही. गाठ मेंदूला चिकटलेली होती. तिला पुरेसा डोस द्यायचा तर शेजारच्या काठाला थोडा लागणारच. तो कमीत कमी लागावा म्हणून ही किरणं निवडली. पण कमी म्हणजे शून्य नाही. थोड्या लोकांना हे होतं. तुम्ही त्यांच्यात आलात."

परतीच्या रस्त्यावर लोणावळ्याला गाडी चहासाठी थांबली. मग नागसेन म्हणाला, "दोन महिने."

ते दोन महिने आजारापेक्षा वाईट गेले. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडाली, भूक भस्म्यासारखी लागायची, तोंड सुजून गोल झालं. ओळखीची माणसं म्हणायची, "तब्येत सुधारली की!" तो चिडायचा, आईवर ओरडायचा, मग जाऊन तिच्या पायाशी बसायचा. वास मात्र फिटच्या गोळीनं तिसऱ्या आठवड्यात थांबला. तरी तो नाकानं हवा ओढून बघायचा, आहे का, आला का.

दुसऱ्या फोटोत डाग निम्मा झाला होता. डॉक्टर बाई पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या. सीमा रडली. नागसेननं विचारलं, "आठवण परत येईल?"

"थोडी येईल. सगळी येईल असं मी सांगणार नाही."

तसंच झालंय. जुनं सगळं त्याला लख्ख आठवतं. कोणत्या डीपीची कोणती पेटी कधी बदलली, तारखेसकट. नवं मात्र गळून जातं. आता तो यवतच्या कार्यालयात तक्रारी घेतो. फोन चालू असतानाच लिहितो. फोन ठेवला की निम्मं गेलेलं असतं. परमिट खंडू घेतो. खंडूनं पहिलं परमिट घेतलं त्या दिवशी नागसेन कार्यालयात बसून त्याच्या फोनची वाट बघत होता. सव्वा तासानं फोन आला. "दादा, दोघंबी खाली." नागसेननं लिहून घेतलं. ते लिहायची गरज नव्हती.

या जानेवारीत शिरूरकडचे आनंदराव म्हणून एक गृहस्थ त्याच्या दारात आले. बागायतदार, सोसायटीचे संचालक. आधी रस्त्यावरच उभे राहिले, मग चांगुणाबाईंनी "आत या" म्हटल्यावर येऊन खुर्चीत बसले. त्यांच्या सुनेला, अनुपमाला, तशीच गाठ निघाली होती. डॉक्टरांनी तीच किरणं सांगितली होती. आणि अनुपमा नाही म्हणत होती.

"कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय, माणूस येडा हुतो म्हणून," आनंदराव म्हणाले. "तुम्ही एकदा येऊन सांगा, काय तरास न्हाई म्हणून."

"येतो," नागसेन म्हणाला. "पण तसं सांगणार न्हाई."

पुढच्या रविवारी सीमा आणि तो चौफुल्यावरून एसटीनं शिरूरला गेले. बाजार समितीच्या मागं घर. अनुपमा एकोणतीस वर्षांची, एका डोळ्यावर पट्टी, समोरचं दोन दिसतं म्हणून. सासरे, नवरा सगळे बसले होते. तिनं सरळच विचारलं, "तुम्हाला किरणं घेतल्याचा पश्चात्ताप होतो का?"

नागसेन तिच्याकडं वळून बसला. "गाठ वाढली असती तर मी आज इथं आलोच नसतो. तेवढं खरं. पण माझ्याकडनं काहीतरी गेलंय, तेबी खरं. तुमचं नाव मला मघाशी सांगितलं. आत्ता आठवत न्हाई."

 अनुपमानं आपलं नाव पुन्हा सांगितलं.

"सगळ्यांना होत न्हाई असं," तो म्हणाला. "थोड्यांना होतं. पण झालं तर लपवायचं न्हाई. मी दोन महिने लपवलं. त्या दोन महिन्यांत माझ्याकडनं माणूस गेला असता."

"माझ्याकडनं कोण जाणार?" ती म्हणाली. मग आतल्या खोलीकडं बघितलं. तिथं तिची तीन वर्षांची मुलगी झोपलेली होती. "गॅस चालू राहील माझ्याकडनं," ती स्वतःशीच बोलली.

सीमानं वही पुढं केली. अनुपमानं मोबाईलमध्ये फोटो काढायच्या ऐवजी कागद मागितला आणि ती सगळी यादी आपल्या हातानं उतरवून घेतली. एक डोळा झाकलेला, ओळी तिरक्या जात होत्या. उतरवून झाल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, "हे फ्रिजवर लावायचं. आणि तुम्ही वाचायचं, मी नाही." मग सीमाकडं वळून विचारलं, "मुखवटा घालतात तेव्हा डोळे उघडे ठेवायचे का मिटायचे?"

अनुपमाचे आता किरणांचे एकवीस दिवस झालेत. कातडी लाल झालीय, जेवण जात नाही. ती रोज संध्याकाळी सीमाला फोन करते. नागसेनचा पुढचा स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. तारीख जवळ यायला लागली की तो जेवता जेवता थांबतो आणि चांगुणाबाई त्याच्या ताटाकडं बघत राहतात. परवा आमची लाईट गेली म्हणून फोन केला, तेव्हा मी त्याला विचारलं, भीती वाटते का. म्हणाला, "वाटते ना. आता वाटली की सीमाला सांगतो."